अंगणातल्या पाट्या: एका नगर परिषद निवडणुकीच्या प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२५

१५ जानेवारी २०२५, बुधवार

टेक्सासमधील मे महिन्याच्या स्थानिक निवडणुकांसाठी उमेदवारी अर्ज स्वीकारण्यास आज सुरुवात झाली आणि आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी नगर परिषदेच्या एका जागेसाठी अर्ज भरला. प्रचार-खजिनदाराच्या नेमणुकीचा कागद त्यांनी नगर सचिवांकडे आधीच दिला होता, कारण तो दाखल होईपर्यंत उमेदवाराला एक डॉलर देणगी घेता येत नाही आणि खर्चही करता येत नाही. पाट्यांचे संपूर्ण काम माझ्याकडे आले आहे: मजकूर, छपाई, परवानगी, लावणे, दुरुस्ती आणि शेवटी काढून आणणे. तरतूद २,४०० डॉलरची आहे. हिशेबासाठी आणि पुढे कधी हे काम अंगावर घेणाऱ्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

आमचे शहर डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीत आहे. मतदान ३ मे रोजी, शनिवारी होईल. नगर परिषदेच्या मतपत्रिकेवर पक्ष नसतो आणि चिन्हही नसते, केवळ नाव असते. ज्याने ते नाव पूर्वी कुठे वाचलेले नाही तो मतदार ती जागा कोरी सोडतो किंवा अंदाजाने खूण करतो. शिवाय मे महिन्यातले मतदान अनेकदा नोंदणीकृत मतदारांच्या दहा टक्क्यांच्या आतच राहते, त्यामुळे शे-दोनशे मते निकाल फिरवतात. अशा निवडणुकीत पाटी हे मुख्यतः नाव ओळखीचे करण्याचे साधन आहे, हे आजच्या बैठकीत सर्वांना मान्य झाले.

बाईंनी एकच अट घातली: घरच्या माणसाशी समोरासमोर बोलल्याशिवाय कुणाच्याही अंगणात पाटी लावायची नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

पैसे खर्च करण्याआधी पाट्यांचा उपयोग खरोखर होतो का, हे वाचून काढले. राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वेगवेगळ्या निवडणुकांमधील प्रयोग एकत्र मांडले आहेत. त्यांत न्यूयॉर्क राज्यातील काँग्रेसच्या जागेची, ऑल्बनीच्या महापौरपदाची, व्हर्जिनियाच्या राज्यपालपदाची आणि पेनसिल्व्हेनियातील एका काउंटीची निवडणूक होती. मतदान केंद्रांचे काही परिसर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून तिथे पाट्या लावल्या, बाकीचे मोकळे ठेवले आणि नंतर मतांची तुलना केली. सरासरी परिणाम १.७ टक्केबिंदू इतका निघाला आणि त्याचा थोडा ओघळ शेजारच्या परिसरांतही दिसला. हा आकडा लहान आहे, परंतु आमच्यासारख्या निवडणुकीत तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दुसरा प्रयोग नॅशव्हिल शहरातला आहे. सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमायस्टर यांनी एका काल्पनिक उमेदवाराच्या नावाच्या पाट्या शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर लावल्या आणि नंतर पालकांना नगर परिषदेसाठी त्यांची पसंती विचारली. त्या वाटेने येणाऱ्या पालकांमध्ये, अस्तित्वातच नसलेल्या त्या उमेदवाराला पसंती स्पष्टपणे अधिक मिळाली. हे वाचून मी अस्वस्थ झाले, कारण पाटीवरचे नुसते नाव माणसाच्या मनात इतके घर करत असेल, तर ते नाव लावणाऱ्यावर जबाबदारीही तेवढीच येते. बाईंची अट मला आज अधिक पटली.

२६ जानेवारी, रविवार

आज मजकूर ठरवला. पाटी १८ इंच उंच आणि २४ इंच रुंद, चार मिलिमीटर जाडीच्या पन्हळी प्लास्टिकची, दोन्ही बाजूंनी छापलेली असेल. आडनाव मोठे, त्याखाली पद आणि त्याखाली मतदानाची तारीख. बाईंचे छायाचित्र घ्यावे असा दोघांचा आग्रह होता. मी महाराष्ट्रातून आलेली असल्यामुळे मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, कारण आमच्या परभणीकडे फ्लेक्स म्हटला की चेहरा आधी येतो: मध्ये ‘भावी नगरसेवक’, वर नेत्यांच्या गोल चौकटी आणि खाली शुभेच्छुकांची रांग. तो फ्लेक्स चौकात उभा राहून, चहा पिता पिता वाचला जातो. इथे मात्र वाचणारा माणूस गाडीत असतो.

म्हणून हिशेब मांडला. ताशी ४० मैल वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५९ फूट पुढे सरकते. अक्षराच्या उंचीच्या दर इंचाला फार तर ३० फुटांवरून वाचता येते असा या कामातला ठोकताळा आहे, म्हणजे पाच इंची अक्षर दीडशे फुटांपासून दिसू लागेल आणि चालकाला जेमतेम अडीच सेकंद मिळतील, त्यातही त्याची नजर रस्त्यावरच असली पाहिजे. अडीच सेकंदांत एक आडनाव आणि एक पद वाचून होते. छायाचित्र आणि घोषवाक्य दोन्ही गाळले. गडद निळ्यावर पांढरे अक्षर घेतले, कारण फेब्रुवारीत इथले गवत वाळून पिवळे आणि एप्रिलमध्ये हिरवे असते, आणि निळा रंग दोन्हींवर उठून दिसतो.

३० जानेवारी, गुरुवार

छपाईचे प्रूफ आले आणि त्यातली चूक वेळेत पकडली गेली, याचे समाधान मोठे आहे. टेक्सासच्या निवडणूक कायद्यानुसार जो उमेदवार आज त्या पदावर नाही, त्याच्या पाटीवर पदाच्या नावाआधी ‘फॉर’ हा शब्द असावा लागतो आणि त्या शब्दाचा आकार पदाच्या नावाच्या अक्षरांच्या निम्म्याहून कमी चालत नाही, जेणेकरून ही व्यक्ती आधीच पदावर आहे असा वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ नये. मुद्रकाने तो शब्द सजावटीसाठी बारीक तिरप्या अक्षरात, कोपऱ्यात ढकलला होता. पट्टी लावून मोजले: ‘फॉर’ फक्त सव्वा इंच, पदाच्या नावाच्या निम्म्याहूनही कमी. तो अडीच इंचांचा करून मागितला.

याशिवाय पाटीवर दोन ओळी आवश्यक आहेत. एक, ही राजकीय जाहिरात आहे आणि तिचा खर्च कोणी केला हे सांगणारी. दुसरी, ही पाटी महामार्गाच्या हद्दीत लावणे राज्याच्या कायद्याचे उल्लंघन आहे अशी सूचना, जिचे शब्द कायद्यानेच ठरवून दिलेले आहेत. ही सूचना मतदारापेक्षा पाटी लावणाऱ्या कार्यकर्त्यासाठी अधिक उपयोगी आहे असे मला वाटते, कारण पाटी हातात घेतली की ती वाचावीच लागते.

लहान पाट्या ३००, मोठे फलक आठ, अशी मागणी नोंदवली.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मतदानाच्या आधीचा नव्वदावा दिवस आहे आणि घरमालक संघांच्या (आपल्याकडच्या सोसायटीसारख्या, स्वतःचे नियम असलेल्या संस्थांच्या) वसाहतींत पाट्या लावण्याची कायदेशीर मुदत आजपासून सुरू झाली. पहिल्या दिवशी २२ घरी गेलो, १४ पाट्या लागल्या.

कामात खोळंबा झाला तो जमिनीमुळे. इथली माती काळी, चिकण आणि खोल आहे, अगदी आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी: सुकली की भेगाळते आणि दगडासारखी होते, भिजली की पायाला ढेकळे चिकटतात. पाटीखाली एच आकाराची तारेची कांब असते. ती सुकलेल्या जमिनीत पायाने दाबली की वाकते आणि एकदा वाकलेली कांब पुन्हा सरळ धरत नाही. पहिल्या तासात सहा कांबी वाया गेल्या. मग घरून पहार आणली, कांबेच्या अंतराने दोन भोके पाडली, त्यांत पेलाभर पाणी ओतले आणि पाच मिनिटांनी कांब रोवली. ती सहज गेली आणि घट्ट बसली. वडील पेरणीआधी मूठभर माती दाबून पाहत आणि वाफसा आला की नाही ते सांगत. या कामालाही वाफसाच पाहायचा आहे. पाऊस पडून दोन दिवस उलटले की पाट्या लावायला निघायचे, असे वेळापत्रक यापुढे ठेवत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

एकूण ४७ पाट्या लागल्या. परवानगीची वही सुरू केली: घर, बोललेल्या व्यक्तीचा होकार, तारीख, पाटी कुठे रोवली आणि काढून कधी न्यायची.

१६ फेब्रुवारी, रविवार

महामार्गालगतच्या मोठ्या विद्युत फलकावर जाहिरात घ्यावी असा प्रस्ताव एका देणगीदाराने आणला होता आणि त्यावर आज दोन तास चर्चा झाली. महामार्गावरच्या मोठ्या फलकाचा प्रचलित आकार १४ फूट उंच आणि ४८ फूट रुंद असतो. विद्युत फलकावर अनेक जाहिराती आळीपाळीने, प्रत्येकी साधारण आठ सेकंद दिसतात. जागा चार-चार आठवड्यांच्या हिशेबाने विकली जाते. आमच्या संपूर्ण तरतुदीहून अधिक रक्कम एका फलकाच्या एका मुदतीवर गेली असती.

पैशाहून महत्त्वाचा प्रश्न पाहणाऱ्यांचा होता. सेंट्रल एक्स्प्रेसवेवरून रोज जाणाऱ्या गाड्या मॅकिनीच्या, ॲलनच्या, प्लेनोच्या, डॅलसच्या असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आमच्या नगर परिषदेसाठी मतच नाही. राज्यव्यापी निवडणुकीत असा फलक उपयोगी पडत असेल. एका शहरापुरत्या निवडणुकीत मात्र तो विहिरीचे पाणी दुसऱ्याच्या शेतात सोडण्यासारखा आहे, असे मी बैठकीत स्पष्ट सांगितले. प्रस्ताव मागे ठेवला आणि त्याऐवजी शहराच्या आतल्या चौकांत, खासगी जागेवर, मालकाच्या संमतीने, आधीच मागवलेले आठ मोठे फलक उभे करायचे ठरले.

अशा फलकांबद्दल वाचताना एक गोष्ट मनात राहिली. महामार्गांच्या कडेच्या फलकांवर बंधने आणणारा केंद्रीय कायदा १९६५ साली झाला आणि त्यामागे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांचा मोठा पाठपुरावा होता. त्या टेक्सासच्याच. व्हर्मॉन्ट, मेन, हवाई आणि अलास्का या चार राज्यांत तर असे जाहिरात फलक जवळपास पूर्णपणे बंद आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांवर कुणाचा किती हक्क असावा, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे घेतला, याबद्दल मला आदर वाटतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मोठे फलक चार फूट गुणिले आठ फूट, म्हणजे ३२ चौरस फुटांचे आहेत. खासगी जागेवर मालकाच्या संमतीने लावलेल्या राजकीय पाटीसाठी टेक्सासमधील शहराला परवाना किंवा शुल्क मागता येत नाही, मात्र हे संरक्षण ३६ चौरस फुटांपर्यंत आणि आठ फूट उंचीपर्यंतच आहे आणि पाटीला दिवे किंवा हलणारे भाग चालत नाहीत. आमचे फलक या मर्यादेत बसतात.

खांब टी आकाराचे लोखंडी, सहा फुटी आहेत. ते दोन फूट आत ठोकायचे असल्यामुळे जमिनीखालच्या वाहिन्यांची खूण करून घेण्यासाठी ८११ या क्रमांकावर चार दिवस आधी कळवले होते. सर्व जागांवर रंगीत झेंड्या लागल्या: गॅससाठी पिवळ्या, विजेसाठी लाल, पाण्यासाठी निळ्या, दूरसंचारासाठी नारिंगी. एका किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर पिवळी झेंडी आम्ही ठरवलेल्या खांबाच्या बरोबर जागी होती. फलक नऊ फूट सरकवला. हाताने ठोकायच्या खांबासाठी एवढे कशाला, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याने ती झेंडी पाहिल्यावर स्वतःच पुढच्या सर्व जागा पुन्हा तपासल्या.

४ मार्च, मंगळवार

पहाटे मोठे वादळ झाले. डॅलस परिसरात ताशी ७० मैलांहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले आणि अनेक भागांत वीज गेली. सकाळी सातला फलक पाहायला निघाले. आठांपैकी तीन कोसळले होते. त्यांतला एक खांबांसकट उपटून वाहनतळावर, उभ्या गाडीपासून हातभर अंतरावर पडलेला होता. कुणालाही इजा झालेली नाही.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि हा हिशेब मी आधीच मांडायला हवा होता. ताशी ७० मैल वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला सुमारे साडेबारा पौंड होतो. ३२ चौरस फुटांवर तो ४०० पौंड, म्हणजे १८० किलोच्या आसपास जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दोन खांब आणि चार झिप टाय (बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) यांनी तो पेलावा ही अपेक्षाच चुकीची होती आणि तो दोष माझा आहे.

दिवसभर घाटकोपर डोळ्यांपुढून हलले नाही. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात तिथला जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. तो फलक १२० फूट गुणिले १४० फूट होता, जिथे महापालिकेची मर्यादा ४० गुणिले ४० ची होती. आमचा फलक त्याच्यापुढे किरकोळ आहे, पण त्याच्याजवळून शाळेत जाणाऱ्या मुलासाठी १८० किलोचा दाब किरकोळ नाही.

८ मार्च, शनिवार

सर्व आठ फलक नव्याने उभे केले. खांब दोनऐवजी तीन, आत अडीच फूट, फलकाची खालची कड जमिनीपासून एक फुटावर आणि पदपथापासून किमान दहा फूट अंतर. झिप टाय मुद्दाम कमी ठेवले आहेत, जेणेकरून वारा वाढला तर आधी टाय तुटतील, हलका पत्रा मोकळा होऊन जागीच पडेल आणि लोखंडी खांब उपटले जाणार नाहीत. वेगवान वाऱ्याचा इशारा आला की आदल्या संध्याकाळी पत्रे उतरवून ठेवायचे, यासाठी चार जणांची पाळी लावली.

१९ मार्च, बुधवार

एका वसाहतीच्या घरमालक संघाने आमच्या समर्थकाला पाटी तीन दिवसांत काढा, अन्यथा दंड होईल, असे पत्र दिले. ते कुटुंब घाबरले आणि पाटी काढून घेऊन जा म्हणाले. मी गेले, पाटी काढली नाही, आधी कायदा वाचून दाखवला. टेक्सासच्या मालमत्ता संहितेतील २०२.००९ हे कलम सांगते की मतदानाच्या आधीच्या नव्वदाव्या दिवसापासून ते मतदानानंतरच्या दहाव्या दिवसाच्या आधीपर्यंत घरमालकाला स्वतःच्या जागेत राजकीय पाटी लावण्यापासून संघ रोखू शकत नाही. पाटी जमिनीत रोवलेली असावी, एका उमेदवाराची एकच असावी आणि ती चार फूट गुणिले सहा फुटांहून मोठी नसावी, एवढी बंधने संघ घालू शकतो. झाडाला किंवा वाहनाला बांधलेली पाटीही तो नाकारू शकतो. आमची पाटी या सर्वांत बसत होती. घरमालकाने कलमाची प्रत जोडून नम्र उत्तर पाठवले आणि संध्याकाळी संघाने पत्र मागे घेतल्याचे कळवले.

घरच्या पाटीला या देशात विशेष मान आहे तो न्यायालयानेही मान्य केलेला आहे. मिझुरीतील लडू शहरात मार्गारेट गिलियो यांनी आखाती युद्धाच्या काळात शांततेची मागणी करणारा साधा कागदाएवढा फलक आपल्या खिडकीत लावला, शहराने तो नियमबाह्य ठरवला आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गिलियो यांच्या बाजूने निकाल दिला. स्वतःच्या घरातून बोललेल्या शब्दाला स्वस्त आणि तितकाच परिणामकारक पर्याय नाही, कारण तो कोण बोलत आहे हेही घर सांगते. हे तत्त्व आमच्या संपूर्ण कामाला लागू आहे.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. आजची नोंद थोडी सविस्तर लिहिते.

एका गल्लीच्या टोकाला मुलाच्या घरी राहणारे काका-काकू आहेत. घर मुलाच्या नावावर आहे आणि त्याचा होकार मिळाला होता, पण तो म्हणाला होता, “अंगण आई-बाबांचे आहे, त्यांनाही विचारा.” मी गेले तेव्हा दाराशी गुढी उभी होती: वेळूऐवजी पडद्याची लांब दांडी, तिला जरीचे काठ असलेले खणाचे वस्त्र, वर तांब्याचा गडू आणि साखरेच्या गाठींची माळ. उंबऱ्यापुढे रांगोळी होती. कडुलिंब मात्र भारतीय दुकानातून आणलेला, थोडा सुकलेला होता.

“अगं, आम्हाला मतच नाही, मग आमच्या दारात पाटी कशाला?” काकूंनी विचारले. काका म्हणाले, “ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज अजून करायचा आहे. उगाच काही अडचण व्हायला नको.”

ही भीती मी मराठी, तेलुगू, गुजराती अशा अनेक घरांत पाहिली आहे आणि ती उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. म्हणून जे खात्रीचे आहे तेवढेच सांगितले. मतदान आणि मतदार नोंदणी फक्त नागरिकांसाठी आहे आणि त्यात चूक झाली तर परिणाम गंभीर असतात. ग्रीन कार्डधारकाला देणगी देता येते. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला केंद्र, राज्य किंवा स्थानिक अशा कोणत्याही निवडणुकीत पैसे देता येत नाहीत, परंतु विनामोबदला स्वयंसेवा करता येते. आपल्या अंगणात आपले मत मांडणे हा वेगळा भाग आहे. एवढे सांगून मी पाटी न लावता परत निघाले. बाईंच्या अटीचा अर्थ हाच आहे की होकार मनातून यावा.

संध्याकाळी काकांचा फोन आला. “पाटी घेऊन ये. पण रांगोळीच्या बाजूला नको, पाय पडेल.” गुढी उतरवण्याआधी पोहोचले. शुक्रवारच्या सरींनंतर माती नेमकी वाफशावर होती आणि कांब एका दाबात बसली. काकूंनी हातावर कडुलिंब, गूळ आणि डाळ ठेवली.

नोंदवायची गोष्ट त्यापुढची आहे. त्याच गल्लीतील आणखी दोन घरांनी लगेच पाट्या मागितल्या. काकू रोज संध्याकाळी गल्लीत फेऱ्या मारतात, प्रत्येकाच्या मुलांची नावे त्यांना ठाऊक आहेत, आणि त्यांच्या अंगणात पाटी आहे म्हणजे चौकशी करण्याजोगे काही आहे असे शेजाऱ्यांनी धरले. दोन्ही घरांनी आधी काकूंना विचारले होते की या बाई कोण आहेत. काकूंनी तिसरीतल्या नातवाच्या वाचनाच्या तासाला बाई स्वेच्छेने येत असत ते सांगितले. हे माझ्या पाटीवर लिहिलेले नव्हते आणि अडीच सेकंदांत वाचून झाले नसते.

३ एप्रिल, गुरुवार

मतदार नोंदणीची शेवटची तारीख. मतदानाच्या तीस दिवस आधी द्यायचा खर्चाचा अहवाल दाखल झाला. पाट्यांवर आजवर २,११० डॉलर खर्च झाले आहेत.

१२ एप्रिल, शनिवार

दोन रात्रींत १९ पाट्या गेल्या. त्यांपैकी ११ खासगी अंगणांतून नेल्या गेल्या, आणि ती चोरी आहे. पोलिसांकडे नोंद केली. कोणी नेल्या याबद्दल कुणाचेही नाव घ्यायचे नाही, समाजमाध्यमांवर लिहायचे नाही, असे ठरले. पुरावा नसताना आरोप करणे पाटी चोरण्याइतकेच अयोग्य आहे. उरलेल्या आठ मात्र शहराच्या कर्मचाऱ्यांनी उचलल्या होत्या आणि ते बरोबरच होते. आमच्या एका नव्या स्वयंसेवकाने त्या पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या हिरवळीच्या पट्टीत लावल्या होत्या. ती पट्टी घरमालक कापतो, तिला पाणी घालतो, पण ती रस्त्याच्या हद्दीत येते. नवीन माणसाला हे शब्दांनी समजत नाही असे दिसते, म्हणून यापुढे प्रत्येकाला पहिल्या पाटीच्या वेळी पदपथाच्या घराकडील कडेवर उभे करून तिथून दोन पावले आत मोजायला लावायचे.

गेलेल्या पाट्यांच्या घरी मी स्वतः गेले. अकरापैकी दहा घरांनी नवी पाटी मागितली.

२२ एप्रिल, मंगळवार

काल सॅन हसिंटो दिनाची सुट्टी असल्यामुळे मुदतपूर्व मतदान आज सुरू झाले, ते २९ तारखेपर्यंत चालेल. कॉलिन काउंटीत मतदार कोणत्याही केंद्रावर मत देऊ शकतो, त्यामुळे आमच्या शहरातल्या केंद्रांवर शेजारच्या शहरांचे मतदारही येतात. दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचार चालत नाही. तिथे खुणा लावलेल्या आहेत. त्या रेषेबाहेर प्रत्येक उमेदवाराच्या पाट्यांची इतकी दाटी झाली आहे की कुठलेच नाव वाचता येत नाही. आम्ही तिथे फक्त चार पाट्या ठेवल्या आणि बाकीचे मनुष्यबळ घरोघरी पाठवले.

३ मे, शनिवार

मतदान पार पडले. रात्री निकाल आला. बाईंचा विजय थोडक्यात हुकला. त्यांनी विजयी उमेदवाराला दूरध्वनी करून अभिनंदन केले आणि मग आम्हा सर्वांना जेवू घातले.

पाट्यांमुळे किती मते मिळाली, हे माझ्या वहीवरून काढता येणार नाही. आम्ही पाट्या होकार मिळेल तिथे लावल्या, ग्रीन यांच्या प्रयोगासारख्या चिठ्ठ्या टाकून नाही. जिथे पाट्या जास्त तिथे बाईंची ओळखही आधीपासून जास्त होती. वहीत ज्याची नोंद आहे ते एवढेच: ३०० पाट्या, ४१२ घरी प्रत्यक्ष बोलणे, २३६ होकार.

१२ मे, सोमवार

घरमालक संघांच्या वसाहतींत पाटी ठेवता येण्याचा आज शेवटचा दिवस. उरलेल्या पाट्या वहीतल्या एकेका घरावर बोट ठेवत, मोजत काढल्या आणि प्रत्येक घरी आभार मानले. मोठ्या फलकांचे खांब उपटले, भोके मातीने भरून पायाने दाबली. पन्हळी प्लास्टिक आमच्या शहराच्या पुनर्वापराच्या डब्यात चालत नाही, म्हणून चांगल्या पाट्या कोरी बाजू रंगवून वापरण्यासाठी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला दिल्या.

शेवटची पाटी काका-काकूंच्या अंगणातली होती. पत्रा मी काढून घेतला, पण कांब उचलू लागले तेव्हा काकू म्हणाल्या, “ती राहू दे गं. मागच्या अंगणात कारल्याचा वेल लावलाय, त्याला आधाराला होईल. आणखी एखादी असेल तर तीही देऊन जा.” आणखी दोन दिल्या. वापरण्याजोग्या १८७ कांबी दहा-दहाच्या जुड्या बांधून बाईंच्या गॅरेजमध्ये ठेवल्या आहेत, पहारही तिथेच आहे.